इल्देसाठी संथ वाजलेला ढोल

मोंतेवेर्नाच्या माणसांना वर्षातले तीन दिवस पंधराव्या शतकात राहायची खोड आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गावात मोटार येऊ देत नाहीत, कॉफीच्या दुकानाची पाटी पोत्याने झाकतात, आणि एरवी पोस्टात शिक्के मारणारा माणूस मखमली टोपी घालून उमराव म्हणून मिरवतो. कुठल्याशा ड्यूकची नवरी म्हणे याच वाटेने सासरी गेली आणि गावाने तिच्यापुढे नाच केला. खरंखोटं देव जाणे. पण त्या नाचासाठी गाव उरलेले अकरा महिने तालीम करतं, भांडतं, अबोला धरतं आणि पुन्हा तालमीला येतं.

या नाचाचा ढोल तीस वर्षं सेस्तीलिओ ब्रांदोनीकडे होता. डाव्या हातात तीन भोकांचा पावा, त्याच हाताला टांगलेला छोटा ढोल आणि उजव्या हातात टिपरी. नाचाच्या मंडळाचे मास्तर ओत्तोरिनो शेजारी बसून वीणेसारखं एक वाद्य छेडत असत, पण त्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानेही फारसं नाही. ते सेस्तीलिओच्या टिपरीकडे बघून तारा छेडायचे. तेव्हा खरं म्हणजे वीस माणसांचे पाय या एकट्याच्या हातात होते.

पायांशी त्याचं नातं तसं जुनंच. खालच्या खोऱ्यातल्या बुटांच्या कारखान्यात तो चामडं कापायचा. मंडळातल्या सगळ्यांचे नाचाचे मऊ जोडे घरी तोच शिवायचा. गावात कुणाच्या पायाला कुठे घट्टा आहे, कुणाचा अंगठा वाकडा झालाय, हे डॉक्टरच्या आधी सेस्तीलिओला ठाऊक असायचं. स्वभावाने मात्र गरीब. भांडण दिसलं की हा चामड्याचा तुकडा शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत जाई.

भांडायचं काम घरात इल्देकडे होतं, आणि ती ते मन लावून करायची. इल्दे म्हणजे त्याची बायको. उंच, ताठ मानेची, नाकावर माशी बसू न देणारी. चाळीस माणसांची शाळेची खानावळ तिने एकटीने चालवली. नाचाच्या रांगेत पहिली बाई तीच असे, आणि हा मान तिच्याकडे कसा आला हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण उघड होतं. तिच्यासारखी कुणी नाचतच नव्हती. साल्तारेल्लो हा उडीचा नाच. तीन पावलं टाकायची आणि चौथ्याला जमीन सोडायची. इतर बायका उडी मारायच्या. इल्दे नुसती वर जायची आणि तिला वाटेल तेव्हा खाली यायची.

मंडळात एक जुना रिवाज आहे. नाच सुरू करताना कुणी 'एक, दोन, तीन' म्हणत नाही. पहिली बाई गुडघे वाकवून वाद्यवाल्याला नमस्कार करते आणि उठते. वाकून उठायला तिला जेवढा वेळ लागतो, तीच त्या दिवसाची लय. ढोलाने ती तिच्याकडून उचलायची असते. आपल्या मनाने वाजवायचं नसतं.

सेस्तीलिओने हा रिवाज बावीस वर्षं पाळला आणि मग आठ वर्षं मोडला, आणि कुणाला कळलं नाही.

ते असं झालं. इल्दे चौपन्नाची असताना एका उन्हाळ्यात त्याने तिचे जोडे तळवे बदलायला घेतले. डाव्या जोड्याचा तळवा नेहमीसारखा झिजला होता. उजव्याचा मात्र बाहेरच्या कडेने पार पातळ झाला होता, जणू तो पाय फरशीवरून ओढला जात होता.  इल्देला न सांगता त्याने नवा तळवा लावला, बाहेरच्या कडेला आतून चामड्याची एक जादा पट्टी डकवली आणि जोडे जागेवर ठेवून दिले.

त्या ऑगस्टला चौकात तिसऱ्या फेरीत इल्देचा तोल किंचित गेला. बघ्यांना दिसलं नाही, सेस्तीलिओला दिसलं. पुढच्या फेरीत त्याने लय केसभर उतरवली. तिचं पाऊल नीट पडलं. घरी येताना ती म्हणाली, "आज शेवटी शेवटी काय मजा आली रे! पंचविशीतली वाटले मी." तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून त्याला वाटलं, यात कुणाचं काय गेलं?

तिथेच चुकला. एकदा केसभर दिलं की दर वर्षी आणखी केसभर द्यावं लागतं. नमस्कार करून इल्दे हट्टाने झटकन उठायची, आणि हा तिच्यामागून थोडं सावकाश उचलायचा. तालमीत तसंच. नव्याने आलेल्या मुलींनी तीच लय खरी म्हणून शिकून घेतली. जुन्यांचीही वयं वाढत होती. त्यांना बरंच पडलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने तर 'मोंतेवेर्नाचा राजेशाही संथपणा' असं छापलं आणि मास्तरांनी ते कात्रण चौकटीत घालून तालमीच्या खोलीत लावलं.

दोन वर्षांनी इल्देचा पाय रात्रंदिवस ठणकू लागला. सेस्तीलिओ तिला अँकोना शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, खुब्याचा सांधा खराब झालाय, आत्ताच बदलून घ्या, हाड अजून चांगलं आहे.

इल्दे हसली. "डॉक्टर, मी अख्खा साल्तारेल्लो नाचते. पुढे उभी राहून. एक पाऊल चुकत नाही माझं. तुमच्या फोटोत काहीतरी गडबड आहे."

डॉक्टरांनी सेस्तीलिओकडे पाहिलं. "खरं का हो?"

सेस्तीलिओने मान डोलावली.

परतीच्या वाटेवर इल्दे खुशीत होती. तिने रस्त्यावरून तळलेल्या ऑलिव्हचा पुडा घेतला आणि अर्ध्याहून जास्त त्यालाच खायला लावला.  घरी जाऊन सांगू, असं त्याने ठरवलं. मग वाटलं, ऑगस्ट होऊन जाऊ दे. मग नाताळ होऊन जाऊ दे. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी मे महिन्यात सास्सोरोत्तो गावाचं आमंत्रण आलं. चार गावांच्या मंडळांनी एका चौकात एकत्र नाचायचं, वाद्यं यजमानांची. मास्तर हुरळून गेले. सेस्तीलिओचं मात्र अवसान गळालं.

"इल्दे, बसने दोन तास जायचं. तुझी कंबर धरेल," तो म्हणाला.

"माझ्या कंबरेची काळजी तू कधीपासून करायला लागलास?"

"ऊन असतं तिथे फार."

"आणि इथे काय बर्फ पडतोय? तुला वाजवायला मिळत नाही म्हणून रुसलास होय रे? लहान मूल आहेस नुसता!"

मंडळ गेलं. सास्सोरोत्तोचे तीन वाद्यवाले विशीतले होते आणि त्यांनी साल्तारेल्लो जसा वाजवायचा तसा वाजवला. सेस्तीलिओ प्रेक्षकांत पिशवीत ढोल घेऊन उभा होता. पहिल्या फेरीतच मोंतेवेर्नाची रांग मागे पडली. बाकी तीन गावं वर असताना हे खाली, ती वळली तरी हे सरळच. मागच्यांनी पुढच्यांच्या झग्यांवर पाय दिले. इल्देने दात ओठ खाऊन दोन फेऱ्या धरल्या आणि तिसरीत तिला बाजूच्या माणसाचा खांदा पकडावा लागला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अहो मोंतेवेर्ना, मयताला आलात की लग्नाला?" चौक हसला.

बसमध्ये सगळे तोंडात मारल्यासारखे बसले होते. इल्देचा मात्र पारा चढला होता. "पोरं आहेत ती! घाई झालीय त्यांना. पंधराव्या शतकात असं कुणी पळत होतं का?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." इल्देने मान वळवल्याबरोबर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

"मावशी, थांबा," निवेस म्हणाली. औषधांच्या दुकानात काम करणारी ही तिशीतली मुलगी रांगेत इल्देच्या मागे दुसरी उभी राहायची आणि तिच्यावर जीव टाकायची. "माझ्या आईच्या कपाटात शहाण्णव सालच्या सणाची कॅसेट आहे. तीच काढते. तुमचा खरा नाच दाखवते या सास्सोरोत्तोवाल्यांना."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण त्या बिचारीला काय माहीत! सेस्तीलिओने पिशवीतल्या ढोलाची दोरी उगाच पुन्हा घट्ट केली.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं उरकून मंडळ तालमीच्या खोलीत जमलं. निवेसने कुठूनतरी जुनं यंत्रही मिळवलं होतं. पडद्यावर मोंतेवेर्नाचा चौक आला. चव्वेचाळीस वर्षांची इल्दे वाकली, उठली, आणि ढोल सुरू झाला.

सास्सोरोत्तोची पोरं वाजवत होती तीच लय. उलट कणभर जलदच.

 पडद्यावर इल्दे वर जात होती आणि तिला वाटेल तेव्हा खाली येत होती, आणि तिच्या शेजारी काळ्या केसांचा सेस्तीलिओ घामाघूम होऊन टिपरी हाणत होता. मास्तरांनी ऐकू न येऊनही काय ते ओळखलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. निवेसचं तोंड पांढरं पडलं. तिने यंत्र बंद केलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी सेस्तीलिओकडे पाहिलं. इल्देने नाही पाहिलं. तिने पर्स उचलली आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी खाली उतरली.

घरी तिने कॉफी ठेवली. दोन कप काढले. मग विचारलं, "कधीपासून?"

"कशाबद्दल म्हणतेस?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कधीपासून?"

"आठ वर्षं झाली."

ती खुर्चीत बसली. बराच वेळ बोटावर काहीतरी मोजत राहिली. "म्हणजे अँकोनाच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा..."

"हो."

"मी त्यांना म्हटलं, एक पाऊल चुकत नाही माझं. तू शेजारच्या खुर्चीत होतास. मान डोलावलीस."

"हो, इल्दे."

"सहा वर्षं मी हे दुखणं काढतेय. रोज सकाळी पलंगाच्या कडेवर बसून स्वतःला सांगते, बाई, हे म्हातारपणाचे चोचले आहेत, तू तर अजून नाचतेस. आणि तू बघत होतास?"

"पडशील अशी भीती वाटली गं."

"कुणाला? मला तर नव्हती वाटत."

 कॉफी उतू गेली. ती त्यानेच पुसली.

इल्देने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी पुढे उभी राहणार. शेवटचं. मी नमस्कार करून उठेन त्या लयीत तू वाजवायचं. सगळ्या मंडळाला मी तीन महिन्यांत तयार करते. मी नाचेन नाहीतर पडेन, ते माझं मी बघेन. एवढं करशील?"

"करीन."

"शप्पथ घे."

त्याने घेतली.

तीन महिने इल्देने मंडळाला नाचवून नाचवून जेरीस आणलं. स्वतः खुर्चीत बसून हाताने टाळी देई आणि लय जरा घसरली की काठी आपटी. निवेसचे पाय सुजले, मास्तरांनी दोनदा राजीनामा दिला आणि दोनदा परत घेतला. सेस्तीलिओ टाळीबरहुकूम वाजवायचा. खरी लय पुन्हा हातात आली होती. इल्दे मात्र स्वतः एकदाही उठली नाही. सणासाठी जपून ठेवतेय, म्हणायची.

सणाचा दिवस आला. पाच वाजता मिरवणूक चौकात पोचली. उन्हात मखमलीला घामाचा वास सुटला होता. इल्दे हिरव्या झग्यात रांगेपुढे आली, थेट सेस्तीलिओच्या डोळ्यांत बघितलं, वाकली आणि झटकन उठली. लय स्पष्ट होती. बहिऱ्या मास्तरांनाही कळावी इतकी स्पष्ट.

आणि उठताना तिचा उजवा गुडघा थरथरला. झग्याच्या आत, कुणाला न दिसेलसा. पण त्या पायाचे जोडे चाळीस वर्षं शिवणाऱ्याला तो झग्यातूनही दिसला.

सेस्तीलिओने टिपरी मारली. ती संथ पडली.

ठरवून केलं की हाताने आपोआप केलं, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. तीन महिने जलद नाचलेलं मंडळ अडखळलं, मग आठ वर्षांच्या सवयीने सावरलं. इल्देने एकदाच त्याच्याकडे मान वळवली. त्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. मग तिने समोर बघितलं आणि सगळा नाच पुरा केला. एक पाऊल चुकलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि सेस्तीलिओला मरून जावंसं वाटत होतं.

घरी तो तिच्या झग्याच्या पाठीच्या दोऱ्या सोडत होता. ती आरशाकडे पाठ करून उभी होती.

"पडले असते तर ते माझं पडणं असतं, सेस्तीलिओ," ती म्हणाली. "तेवढंही तू मला दिलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी झगा धुऊन, इस्त्री करून तिने निवेसकडे पाठवून दिला. त्यानंतर घरात नाचाचा विषय निघाला नाही. अबोला होता असंही नाही. ती त्याला जेवायला वाढायची, मीठ कमी पडलं का विचारायची, शेजारणीची नक्कल करून हसवायचीसुद्धा. पण तो ढोलाला तेल लावत बसला की उठून दुसऱ्या खोलीत जायची.

सप्टेंबरात ती स्वतःच अँकोनाला गेली, या वेळी निवेसबरोबर. डॉक्टरांनी नवे फोटो बघितले. आता हाड पार ठिसूळ झालंय, सांधा धरणार नाही, म्हणाले. सेस्तीलिओला हे निवेसकडून कळलं.

जानेवारीत एका सकाळी इल्दे स्वयंपाकघरात मोरीपाशी पडली. बघायला कुणी नव्हतं. सेस्तीलिओ पाव आणायला गेला होता. तो आला तेव्हा ती फरशीवर होती आणि नळ वाहत होता. "नळ बंद कर आधी," ती म्हणाली. खुबा मोडला होता. बिछान्यात पडून पडून छातीत कफ झाला. शेवटच्या आठवड्यात त्याने विचारलं, "वाजवू का थोडं? हळूच?" ती म्हणाली, "नको रे, झोपू दे." फेब्रुवारीच्या अकराला ती गेली. मंडळ पाचशे वर्षांपूर्वीच्या कपड्यांत तिच्या मागे दफनभूमीपर्यंत चालत गेलं. सेस्तीलिओने वाजवलं नाही. कुणी आग्रहही केला नाही.

एप्रिलमध्ये निवेस त्याच्या दारात आली. हातात भांडं होतं. तिच्या आईने विंचिसग्रासी, म्हणजे खिम्याचे थर दिलेला पास्ता, भाजून पाठवली होती.

"काका, मास्तरांनी मला पुढे उभं राहायला सांगितलंय. मला नाही जमणार असं वाटतं. पण मावशींना आवडलं असतं." तिने भांडं त्याच्या हातात दिलं. "तुम्ही वाजवाल का? फक्त तालमीपुरतं. खऱ्या लयीत."

तो तिच्याबरोबर गेला. तालमीच्या खोलीत ते दोघंच होते. निवेसने नाचाचा झगा चढवला, नमस्कार केला आणि उठली. त्याने तिची लय उचलली, तिची जेवढी होती तेवढीच. पहिली फेरी तिने छान घेतली. दुसरीत उडी जरा उंच गेली, झग्यात पाय अडकला आणि ती धाडकन पडली. कोपर फरशीवर आपटलं.

ढोल थांबला. 

निवेस फरशीवर बसून हसत सुटली. कोपर चोळत, केस डोळ्यांवरून मागे सारत तिने वर पाहिलं. "काका! थांबलात काय? वाजवा ना, उठते मी."

ती उठलीसुद्धा. झगा झटकून पुन्हा रांगेच्या जागी जाऊन उभी राहिली.

सेस्तीलिओने पावा ओठांना लावला, पण फुंकर निघेना. त्याने तो खाली ठेवला. "मी तिला पडू द्यायला हवं होतं," तो म्हणाला. आणि जो माणूस दफनभूमीतही रडला नव्हता तो ढोल मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडू लागला. निवेस जवळ आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिली.